आधी माझ्या रानात

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. रक्कम बारा हजार रुपये, एका एकराला लागणाऱ्या मल्चिंगच्या कागदाची आणि तो अंथरायच्या मजुरीची. हजर माणसं चार: विश्वनाथअप्पा, त्यांच्या पत्नी शकूकाकू, मुलगा महेश आणि शेजारच्या बांधावर उभा असलेला मी. येरमाळ्याच्या शिवारात, निदान आमच्या बाजूला, हा कागद त्या दिवशी पहिल्यांदा आला. कागद म्हणायचं, पण ते प्लास्टिकच. वरून चंदेरी, खालून काळं. ट्रॅक्टरमागं रोल उलगडत गेला आणि काळ्या रानावर चकचकीत पट्टे उमटत गेले.

शकूकाकू पदर डोळ्यांवर धरून म्हणाल्या, "रानाला पत्रे ठोकल्यावाणी दिसायलंय."

अप्पा हसले. "कलिंगड खाशील तवा बोल."

अप्पांचं हायवेला खत-बियाण्यांचं दुकान होतं. मी कळंबच्या एका डाळमिलमध्ये हिशोब लिहितो. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एक, रानाचा बांधही एक. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय कारकून," म्हणायचे, आणि माझ्या घरात चहा झाला की नाही हे भिंतीपलीकडून विचारायचे.

दुकानात गिऱ्हाईक आलं की अप्पा आधी "काय पाहिजे?" असं विचारत नसत. "काय पेरलंय?" असं विचारायचे. मग पाणी किती, रान कसलं, गेल्या साली काय होतं. एवढं झाल्यावर पुष्कळदा म्हणायचे, "तुला ह्या औषधाची गरज न्हाय. आठ दिवस थांब." महेश काउंटरमागं कपाळाला हात लावून बसायचा.

रानात शिरताना अप्पा चपला बांधावर काढत. अनवाणी दहा पावलं चालत, मग वाकून चिमूटभर माती उचलत, वास घेत आणि जिभेच्या टोकाला लावत. ओल किती, खार किती हे त्यांना त्यातून कळतं असं ते म्हणत. खरंच कळत होतं की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती माती ते थुंकत नसत, हे मी पाहिलं आहे.

त्यांचा एक नियम होता. कुठलीही नवी वस्तू दुकानात ठेवायच्या आधी ती एक वर्ष स्वतःच्या शेतात वापरायची. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "आधी माझ्या रानात, मग तुमच्या." एकदा एका कंपनीचा माणूस गोव्याच्या सहलीचं आमिष घेऊन आला. अप्पा म्हणाले, "गोव्याला तू जा. तुझं औषध वरीसभर माझ्या वांग्यावर ऱ्हाऊ दे." तो माणूस पुन्हा आला नाही.

सोयाबीनच्या बियाण्याची गोष्ट तर गावात सगळ्यांनाच माहीत आहे. मृगाच्या तोंडावर दुकानात बियाण्याचा नवा माल उतरला. बाहेर रांग लागलेली. अप्पांनी प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. पाचव्या दिवशी उघडून पाहिलं तर एका लॉटचे निम्मेही उगवले नव्हते. त्यांनी त्या लॉटच्या सगळ्या पिशव्या परत टेम्पोत चढवल्या. रांगेतली माणसं चिडली. "अप्पा, आभाळ भरून आलंय, आमी आता काय पेरायचं?" अप्पा म्हणाले, "कळंबला जावा, बार्शीला जावा. माझ्याकडं आज बी न्हाय." त्या हंगामात दुकान जवळजवळ रिकामं होतं. पण त्यानंतर माणसं पिशवीवरचं छापील वाचायची बंद झाली. अप्पांनी दिलंय, एवढं पुरायचं.

म्हणून कागदाचं जे झालं ते इतकं पसरलं.

पहिल्या वर्षी कागदानं दिलेला शब्द पाळला. तण नाही, खुरपणी नाही, पाणी निम्म्यानं कमी. कलिंगडं अशी आली की सोलापूरचा व्यापारी बांधावर येऊन बसला. दुसऱ्या वर्षी अप्पांनी रोल दुकानात ठेवले. तिसऱ्या वर्षी आमच्या बाजूचं अर्धं शिवार उन्हात चमकायला लागलं. मीही एक एकर केलं. मिरची, टोमॅटो, कलिंगड, ज्याला जे जमेल ते. मग पातळ कागद आला. निम्म्या किमतीचा. लोकांनी तोच मागितला आणि अप्पांनी तोही एक वर्ष आपल्या रानात घालून पाहिला. पीक तेवढंच आलं.

अडचण होती ती पीक निघाल्यावर. जाड कागद कसाबसा गुंडाळून निघायचा. पातळ कागद उन्हानं कुजल्यासारखा व्हायचा. हात लावला की चिंध्या. आणि आमच्याकडं वेळ नसतो. कलिंगड फाल्गुनात संपतं, आणि चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली येते. वाटेतल्या काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. भाविक ते वेचतात आणि ढिगावर टाकतात. पूर्वी त्याच चुन्यानं देऊळ रंगवत, असं म्हातारी माणसं सांगतात. गर्दी एवढी असते की आजूबाजूच्या रानांतही माणसं पसरतात. अप्पांचं रान त्या वाटेला लागून. यात्रेआधी रान मोकळं आणि नांगरलेलं असलं पाहिजे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक होता. पडक्या पिकात, कचऱ्यात देवीची माणसं कशी शिरणार?

पातळ कागद घातला त्या साली यात्रा चार दिवसांवर आली होती आणि दोन एकरांत कागद तसाच होता. मजूर मिळेना. अप्पांनी ट्रॅक्टरमागं फिरत माती बारीक करणारा रोटावेटर बोलावला. "मारा रोटर," म्हणाले. "मिसळून जाईल मातीत." दोन तासांत रान काळंभोर, भुसभुशीत झालं. लोकांनी पाहिलं आणि विचारलं. अप्पांनी सगळ्यांना तेच सांगितलं. पुढची तीन-चार वर्षं आमच्या भागातला सगळा कागद यात्रेच्या आधी रोटरखाली गेला. माझाही.

यात्रेच्या दिवशी अप्पांचं एक ठरलेलं काम असे. ज्या म्हाताऱ्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी ते स्वतः खडे वेचत आणि त्यांच्या ओंजळीत पाच-पाच ठेवत. "घ्या माय, टाका ढिगावर." दिवसभर हेच. दुपारी शकूकाकू भाकरी घेऊन बांधावर यायच्या, तर त्यांना हाताची माती झटकायलाही सवड नसायची.

त्या तीन-चार वर्षांनंतरच्या यात्रेची गोष्ट. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मी त्यांच्याजवळच उभा होतो, पाण्याची घागर घेऊन. परंड्याकडची एक म्हातारी आली. डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, नातसुनेच्या खांद्यावर हात. अप्पांनी वाकून पाच खडे वेचले आणि तिच्या ओंजळीत ठेवले. म्हातारी पुढं गेली नाही. अंगठ्यानं एकेक खडा चाचपत राहिली.

"लेकरा," ती म्हणाली, "ह्यो एक हलका लागायलाय."

"खडाच हाय माय. चुन्याचा."

"खडा वाकत न्हाय रं."

तिनं दोन बोटांत धरून दाबला. वरचा चुन्याचा थर फुटला आणि आतून चुरगळलेला, रंग उडून पांढुरका झालेला कागदाचा बोळा निघाला. रोटरनं तुकडे केलेला, चिखलात वळलेला, उन्हात वाळलेला. म्हातारी रागावली नाही. तिनं तो अप्पांच्या हातावर परत ठेवला. "ह्ये देवीला कसं वाहू?" एवढंच म्हणाली, आणि चार खडे घेऊन गेली.

अप्पा गुडघ्यांवर बसले. माती चाळवायला लागले. मीही वाकलो. एकदा दिसायला लागल्यावर थांबता येईना. नखाएवढे, तांदळाएवढे, त्याहून बारीक. चुनखडी कुठली आणि कागद कुठला हे हातात घेतल्याशिवाय कळत नव्हतं. माणसं आमच्या चहूबाजूंनी वेचत होती. पदरात, टोपीत भरून ढिगाकडं नेत होती. अप्पा त्यांच्याकडं बघत होते, पण त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

त्या दिवसापासून अप्पांनी माती जिभेला लावणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काउंटरवर पाण्याचा काचेचा ग्लास होता. अप्पांनी त्यात आपल्या रानातली मूठभर माती टाकून ढवळली. माती खाली बसली. वर पाण्यावर चंदेरी कण तरंगत राहिले, काही तर इतके बारीक की ऊन पडल्यावरच दिसायचे. येईल त्या माणसाला ते म्हणत, "तुझ्या रानातली मूठभर घेऊन ये." माणसं आणायची. सगळ्या ग्लासांत तेच. महेश म्हणाला, "अप्पा, दुकान हाय का शाळा?"

डोळ्यांच्या तपासणीला त्यांना धाराशिवला घेऊन मी गेलो. डॉक्टर मोतीबिंदूचं सांगत होते आणि अप्पांनी मधेच खिशातून रानातल्या त्या कणांची पुडी काढली.

"साहेब, ह्ये माणसाच्या अंगात जातंय का?"

"अप्पा, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे."

"मग दिसंल तेवढं सांगा."

डॉक्टर हसले, पण त्यांनी पुडी बाजूला सारली नाही. म्हणाले, "मायक्रोप्लास्टिक म्हणतात याला. याहून बारीक होतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं. पाण्यात, मिठात, हवेत, सगळीकडं आहे. माणसाच्या रक्तात सापडलंय. बाळाच्या वारेतही सापडलंय, असं मी वाचलंय. पण त्यानं शरीरात नेमकं काय होतं, किती वर्षांनी होतं, हे अजून छातीठोक कुणी सांगू शकत नाही. चांगलं होत असेल असं मात्र कुणीच म्हणत नाही."

"आणि मातीत?"

"ते तुम्हीच मला सांगायचं."

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले होते. येडशी मागं पडल्यावर बोलले.

"कारकून, म्हंजी वरीसभर रानात बघून ह्ये कळायचं न्हाय."

मी म्हणालो, "तुम्हाला कसं कळणार होतं?"

"तेच म्हन्तोय. मला कळायचं नव्हतं, तरी म्या छातीवर हात ठेवून सांगितलं."



त्यांनी पातळ कागद विकणं बंद केलं. जाड कागद द्यायचे तोही एका अटीवर. पीक निघाल्यावर तो रोटरखाली घालायचा नाही, काढून दुकानात आणायचा. गिऱ्हाईक कळंबला जायला लागलं. बापलेकांचं भांडण भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"तुमी एकट्यानं थांबवून काय होणार हाय? सगळं गाव वापरायलंय."

"सगळ्या गावाला इकला कुणी?"

"सरकारनं अनुदान दिलं, कंपनीनं बनवला. तुमीच कशाला डोक्यावर घेता?"

"अनुदानावर भरवसा ठिवून कुणी घेतला न्हाय. माझ्यावर ठिवून घेतला."

 महेशचंही खोटं नव्हतं. दुकान त्यालाच चालवायचं होतं, आणि त्याच्या घरात दोन लेकरं होती.

मग अप्पा घरोघर गेले. सायकलवर नाही, चालत. ज्यांना ज्यांना कागद दिला होता त्यांच्या ओसरीवर जाऊन उभं राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. "रोटर मारा म्हणून म्या सांगितलं व्हतं, ते चुकलं. हितनं पुढं मारू नका. हाय तो जुना कागद माझ्याकडं आणून टाका." माणसं संकोचायची. ज्यांच्या बापांनी अप्पांकडून बी नेलं होतं त्यांना या म्हाताऱ्याकडून माफी ऐकणं जड जायचं. एक दत्तू नावाचा तरणा मात्र चारचौघांत म्हणाला, "आणून टाकतो की. गाडीभाडं देताव का?"

अप्पा म्हणाले, "देतो."

दत्तूनं दोन बैलगाड्या भरून आणल्या. भाडं मागायची मात्र त्याला लाज वाटली. अप्पांनी ते त्याच्या आईच्या हातात नेऊन दिलं.

दुकानामागच्या गोदामात कागदाचा ढीग छतापर्यंत गेला. भंगारवाल्यानं नेला नाही. वजनात मातीच जास्त, म्हणाला. धुवायला काढला तर गढूळ पाणी ओढ्याकडं चाललं. अप्पांनी धुणं तिथंच थांबवलं. "रानातला ओढ्यात घालायचा व्हय?" कुणी म्हणालं, जाळून टाका. एकदा थोडा जाळून पाहिला, तर तो काळा, घशाला चिकटणारा धूर शकूकाकूंना दोन दिवस सोसावा लागला. ढीग तसाच राहिला. आजही आहे.

आपलं रान मात्र साफ करायचं त्यांनी ठरवलं. दोन एकर नाही, तेवढं शक्य नाही हे त्यांनाही दिसत होतं. वाटेला लागून असलेला पट्टा, दहा गुंठे, जिथं यात्रेची माणसं शिरतात. पुढच्या चैत्रापर्यंत तेवढा तरी असा करायचा की कुणाच्या ओंजळीत खडाच पडेल.

भीमनगरातल्या सुभद्राबाई सहा बायका घेऊन आल्या. त्या आमच्या भागातल्या खुरपणीच्या मुकादम, तोंडानं फटकळ, कामाला चोख. बाभळीखाली वाळू चाळायची मोठी चाळणी उभी केली. वरची वीतभर माती घमेल्यानं चाळणीवर टाकायची, ढेकळं फोडायची, कण वेचायचे. खडे वेगळे, कागद वेगळा. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चश्मा घालून तेही बसायचे.

"अप्पा," सुभद्राबाई म्हणायच्या, "अंथरायला यंत्र आणलं व्हतं. वेचायला आमीच का?"

"यंत्र निघालं की पयलं तुला दाखवतो."

"आधी तुमच्या रानात का?"

बायका हसायच्या. अप्पाही हसायचे. पण ती ओळ त्यांनी स्वतः पुन्हा कधी म्हटली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

काम सात महिने, पाऊस आणि सणवार सोडून, चाललं. बारा हजारांत एक एकर झाकलं गेलं होतं. दहा गुंठे वेचायला त्याच्या कितीतरी पट मजुरी गेली. मी नेमका आकडा काढला होता. अप्पांनी विचारला नाही, म्हणून सांगितला नाही.

यात्रेच्या आधी आठ दिवस त्यांनी मला बोलावलं. पट्ट्याच्या पाच ठिकाणची माती, पाच ग्लास. पहिल्या ग्लासात काही नव्हतं. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात, माती बसल्यावर, उन्हाच्या तिरिपेत तीन-चार कण वर आले. चौथ्यात त्याहून जास्त, पाचव्यात तिसऱ्याएवढेच.

"चाळणीच्या भोकातून गेले," मी म्हणालो. "अप्पा, पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत. खड्याएवढा तर एकही नाही. माणसांना कळणारसुद्धा नाही."

त्यांनी चौथा ग्लास उचलून डोळ्यांजवळ धरला. नवी नजर होती. सगळं स्पष्ट दिसत असणार.

"मागच्या वेळी बी कळणार नव्हतं," ते म्हणाले.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच रानाकडं गेलो. वाटेला लागून बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं. त्या रानाला कुंपण मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आत एकही माणूस नाही. बाहेर, बांधावर, अप्पा उभे. पांढरं धोतर, डोक्यावर उपरणं, अनवाणी. त्यांच्या दोन्ही अंगांना सुभद्राबाई आणि त्यांच्या बायका थोड्या थोड्या अंतरावर उभ्या होत्या, माणसांना, जिथं कागद कधी अंथरला नव्हता त्या पलीकडच्या रानांची वाट दाखवत.

गर्दी लोटत होती. हलगी, संबळ, धूळ. जो कुंपणाकडं वळेल त्याला अप्पा हात जोडत. "माय, ह्या रानात नका जाऊ. पलीकडं जावा. तिकडं चांगले खडे हायेत."

बहुतेक माणसं वळत. काही वाद घालत. लातूरकडचा एक जाडजूड माणूस तर अंगावरच आला. "देवीच्या माणसाला आडवता? रान तुमच्या बापाचं हाय का?"

"माझ्याच बापाचं हाय," अप्पा हात न सोडता म्हणाले. "म्हणून तर आडवायलोय."

तो माणूस काहीतरी पुटपुटत निघून गेला. अप्पांनी लगेच पुढच्याला हात जोडले.

दुपारी शकूकाकूंनी भाकरी आणली, ती तशीच राहिली. महेश दुकान बंद करून आला. बापाकडं बघून तो कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि तोही माणसांना पलीकडं वळवायला लागला. पालखी पुढं गेली, गर्दी ओसरली, तरी अप्पा हलले नाहीत. उन्हं कलल्यावर रिकाम्या वाटेकडं तोंड करून ते हात जोडलेलेच उभे होते. शकूकाकूंनी जाऊन ते हात खाली केले.

ज्येष्ठात अप्पा गेले. त्याआधी भेटी झाल्या, पण मला ते आठवतात ते तसेच, कुंपणाबाहेर.

यात्रेच्या त्या संध्याकाळी त्यांनी मजुरी वाटली. सुभद्राबाई म्हणाल्या, "आज तर काय वेचलं न्हाय अप्पा. देवीचं काम व्हतं, ऱ्हाऊ द्या."

"देवीचं न्हाय. माझं व्हतं," अप्पा म्हणाले.

सात बायका, प्रत्येकी तीनशे. एकवीसशे रुपये, रोख, सुभद्राबाईंच्या हाती.